चार इंच पुरले असते

१५ सप्टेंबर १९९६, रविवार

केतन आणि त्याची बायको चेतना सकाळीच फरीदाबादहून आले. केतन माझा धाकटा भाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. त्याला गणित मी शिकवलं, दिल्लीत मी आणलं, कारखान्यात मीच शब्द टाकून चिकटवलं. मार्चमध्ये पठ्ठ्याने ती नोकरी सोडून दिली. "दादा, जमाना बदलला यार, आता नोकरीत काही उरलं नाही," हे तो मला सांगतो. मला, म्हणजे आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहून सव्वीस वर्षं सरकारी खुर्ची उबवलेल्या माणसाला.

धंदा त्याने काढलाय सरपणाचा. तिकडे नवे सेक्टर पडताहेत, निलगिरी आणि बाभळी सरसकट तोडतात. केतन ते ओंडके उचलतो, फोडून घेतो आणि तंदूरवाल्यांना, ढाब्यांना देतो. आता एका मोठ्या केटररने त्याला विचारलंय. लग्नाचा मोसम आला की रोज एक ट्रॉली फोडलेलं लाकूड. जमलं तर धंदा उभा राहील, नाही जमलं तर केटरर दुसरा माणूस बघणार. कुऱ्हाडीने एवढं होत नाही, म्हणून केतनच्या डोक्यात यंत्र आलंय. ट्रॅक्टरच्या मागे लोखंडी सांगाडा, त्यावर हायड्रॉलिक सिलिंडर. ट्रॅक्टरच्या पंपातून तेल येईल, सिलिंडरचा दांडा ओंडक्याला पाचरीवर रेटेल, ओंडका फुटेल. सांगाडा तो स्वतः वेल्ड करून घेणार आहे.

"फक्त सिलिंडर कुठला घ्यायचा ते तू सांग," म्हणाला. "तू सांगशील तो. त्यात मी डोकं नाही चालवणार."

माझी छाती फुगली, हे इथे लिहायला हरकत नाही. आमच्या विंगमध्ये डंपरांचे आणि क्रेनांचे सिलिंडर मागवले जातात आणि शेवटची सही माझी असते, हे नातेवाइकांत सगळ्यांना माहीत आहे. मी सिलिंडर कधी हातात धरलेला नाही, हे मात्र कुणाला माहीत नाही. कॉलेजात एक अर्धा कापलेला काचेच्या कपाटात होता, त्यालाही हात लावायची परवानगी नव्हती. झाकली मूठ सव्वालाखाची.

चेतना म्हणाली, "दादा, तुम्ही एकदा येऊन ट्रॅक्टर बघा ना. गुप्तेकाकाही असतील, ते सगळं दाखवतील." सूर्यकांत गुप्ते म्हणजे फरीदाबादच्या मराठी मंडळातले. ट्रॅक्टर कंपनीत सर्व्हिस मॅनेजर होते, आता रिटायर झालेत. केतनला हा जुना ट्रॅक्टर त्यांनीच मिळवून दिला. मी म्हटलं, बघायची गरज नाही, आकडे पुरेत. इंजिनिअरिंग आकड्यांवर चालतं.

अलकनंदा आतून पोहे आणत होती. म्हणाली, "उंटावरून शेळ्या हाकू नका. जाऊन या." बायकोने दिरासमोर असं बोलू नये. रिटायरमेंटनंतर आम्ही फरीदाबादलाच राहायला जाणार, तिथे सोसायटीत फ्लॅट घेऊन ठेवलाय. तेव्हा रोजच बघायचाय की तो ट्रॅक्टर.

१८ सप्टेंबर

दोन दिवस लंच अवरमध्ये गणित केलं. ओला, गाठाळ ओंडका फोडायला किती जोर लागतो हे कुठल्याच पुस्तकात नाही. अंदाजाने दहा टन धरले. उत्तर आलं चार इंच व्यासाचा सिलिंडर.

चार इंच. बघूनच कसंसं वाटलं. एवढासा आकडा भावाला काय सांगायचा?

आमच्याकडे असं चालतं. खालचा माणूस चार लिहितो. त्याच्या वरचा म्हणतो, कमी पडला तर? तो पाच करतो. मग फाइल माझ्याकडे येते, आणि मी पाचाचे सहा करतो. कमी पडलं तर चौकशी लागते, जास्त झालं तर आजवर कुणी विचारलेलं नाही. ह्याला आम्ही सेफ्टी म्हणतो. ती मशीनची सेफ्टी की आमची, हे विचारायची पद्धत नाही. इथे खालचा, मधला आणि वरचा, तिघेही मीच. सवयीने तिघांनी आपापलं काम केलं.

संध्याकाळी केतनला फोन केला. सहा इंच. पलीकडून तो म्हणाला, "वा, दादा! म्हणजे एकदम राक्षसच." मलाही बरं वाटलं.

अलकनंदा ऐकत होती. म्हणाली, "मोठा घेतला की काम लवकर होतं का?" मी म्हटलं, जोर जास्त मिळतो. "तसं नाही. आपण गच्चीवर मोठी टाकी बसवली तेव्हा नळाला पाणी काही जास्त आलं नाही. उलट भरायलाच दुपार व्हायला लागली." मी हसलो. हायड्रॉलिक्स आणि गच्चीवरची टाकी! बायकांना प्रत्येक गोष्टीत घर दिसतं.

२९ सप्टेंबर, रविवार

सिलिंडर आणायला केतनबरोबर गेलो. फरीदाबादेतच बनवून देतात. दुकानदाराने कागद पाहिला आणि विचारलं, "साहब, पंप कितने लीटर का है?"

मला माहीत नव्हतं. केतन माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "पंप का आप छोड़िए, जो लिखा है वह दीजिए. सेफ्टी फैक्टर रखा है."

"आपकी मर्ज़ी," तो म्हणाला आणि सहा इंची बाहेर काढायला सांगितला. चौघांनी मिळून उचलून टेम्पोत ठेवला. लाल रंग, जाड दांडा, चकचकीत. केतनने त्यावरून असा हात फिरवला की मलाच लाजल्यासारखं झालं. तो दुकानदाराला सांगत होता, "मेरे बड़े भाई हैं. मिनिस्ट्री में हैं." मी दुसरीकडे बघत उभा राहिलो, पण ऐकत होतो.

१३ ऑक्टोबर

सांगाडा तयार झाला असा चेतनाचा फोन. दसऱ्याला यंत्र चालू करायचं, आदल्या दिवशी खंडेनवमीला त्याची पूजा. मंडळातले सगळे येणार आहेत. केतनची इच्छा की मी चार शब्द बोलावेत. चार शब्द लिहून काढले. अलकनंदाला वाचून दाखवले तर म्हणाली, "ओंडके फोडायचेत ना? का पूल बांधलाय?"

दसरा

लिहवत नाही, पण लिहिलं नाही तर आज झोप येणार नाही.

केतनच्या प्लॉटवर पंचवीस-तीस माणसं होती. झेंडूच्या माळा घातलेला ट्रॅक्टर, मागे यंत्र, त्यावर हळदकुंकू. इथे आपट्याची पानं मिळत नाहीत म्हणून मंडळात सगळे कांचनाची वाटतात, तीच 'सोनं' म्हणून हातोहात फिरत होती. मी चार शब्द बोललो. चारापेक्षा बरेच जास्त बोललो. उदारीकरण, स्वयंरोजगार, तंत्रज्ञान, सगळं आणलं. सेफ्टी फॅक्टरसुद्धा आणला. नारळ फुटला, केतनने ट्रॅक्टर सुरू केला आणि दांडा सरकवणारं हँडल ओढलं.

दांडा निघाला. निघाला म्हणजे हलतोय की नाही हे बघायला माणसं पुढे वाकली. पाऊण मिनिट गेलं असेल. मग ओंडका कडाडून फुटला, टाळ्या झाल्या आणि मला वाटलं, चला, जमलं. पण दांडा परत यायला अर्धं मिनिट लागलं. दुसऱ्या ओंडक्याला तसंच. तिसऱ्याला मंडळाचा सेक्रेटरी दिलीप म्हणाला, "केतन, तू चालू ठेव, आम्ही तोवर चहा घेऊन येतो." सगळे हसले. त्या तेवढ्या वेळात बाजूला केतनच्या लाकूडतोड्याने, केवळ गंमत म्हणून, कुऱ्हाडीने तीन ओंडके फोडून ठेवले.

मला पहिल्याच ओंडक्याला कळलं होतं. पंप देतो तेवढंच तेल देतो, सिलिंडर जेवढा रुंद तेवढा तो भरायला वेळ. दुसऱ्या वर्षाच्या पेपरात हा प्रश्न मी सोडवलेला आहे. केतन वळून माझ्याकडे बघत होता. रागाने नाही, मी आता काहीतरी सांगेन आणि ते बरोबर होईल, अशा नजरेने. त्या नजरेनेच माझं तोंड उघडलं.

म्हटलं, "पंप थकलाय. ट्रॅक्टर जुना आहे ना. दाबच धरत नाही."

गुप्ते पुढेच उभे होते. शांतपणे म्हणाले, "पंप उन्हाळ्यात मी स्वतः नवा बसवलाय, गुणवंतराव."

इथे थांबता आलं असतं. मी म्हटलं, "नवा असेल हो. पण कुठल्या भंगारातला नवा?"

लोक हसले. मला हसवायचंच होतं. गुप्त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या दांड्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांना कळलं. सिलिंडर कुणी निवडला, किती निवडला, सगळं त्या एका नजरेत त्यांना कळलं, आणि तरी ते काही बोलले नाहीत. हातातली पानं त्यांनी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवली आणि चप्पल घालून गेले. जेवायला थांबले नाहीत.

स्कूटरवरून परत येताना अलकनंदा मागे बसून एवढंच म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

२३ ऑक्टोबर

पुन्हा गणित केलं. चार इंचांना वेळ निम्म्याहून कमी लागला असता, आणि जोर भरपूर उरला असता. करायची गरज नव्हती, उत्तर मला दसऱ्यालाच माहीत होतं. ऑफिसात आज एका फाइलवर पाचाचे सहा करताना हात अडखळला. केले मात्र सहाच.

पाडवा

मंडळाची दिवाळी पहाट. पेटीवर दरवर्षी गुप्ते असतात, या वर्षी कुणी कॉलेजचा मुलगा होता. मी विचारलं नाही. दिलीपनेच आपणहून सांगितलं, "गुप्ते येणार कुठल्या तोंडाने? भंगार गळ्यात मारलं बिचाऱ्या केतनच्या." शेजारचा कुणी म्हणाला, "आपलाच माणूस म्हणून विश्वास ठेवला ना त्याने." मी चकली खात होतो. चकली कडक होती आणि चावायला बराच वेळ लागत होता, त्यामुळे बोलता येत नव्हतं. असं मी स्वतःला सांगितलं.

केतन तिथेच उभा होता. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग तो बाहेर निघून गेला. मला वाटतं, त्यालाही गुप्त्यांचा राग असणार.

अलकनंदाने घरून फराळाचा एक डबा जास्तीचा भरून आणला होता. "हा गुप्त्यांना तुम्ही स्वतः नेऊन द्या." मी म्हटलं, उशीर झालाय, पुढच्या वेळी बघू. ती डबा घेऊन एकटीच गेली. परत आली तेव्हा डबा रिकामा होता. काय बोलणं झालं ते विचारलं तर म्हणाली, "तुमची चौकशी करत होते."

२४ नोव्हेंबर, रविवार

केतनकडे जाऊन आलो. जायच्या आधी फोन करायचा, असं चेतनाने निक्षून सांगितलंय. दोनदा सांगितलं. केला.

लग्नाचा मोसम ऐन भरात आहे, रस्त्यात चार वराती लागल्या. माझी कल्पना होती की केतनचं तोंड उतरलेलं असेल. तसं नव्हतं, पण दमलेला होता, कंबर धरून चालत होता. यंत्र ट्रॅक्टरमागे उभं होतं. लाल सिलिंडर अजून कोरा करकरीत, रंगाला ओरखडासुद्धा नाही. केतन वस्तू जपून वापरतो, लहानपणापासूनच. त्याने मला एक ओंडका फोडून दाखवला. तोच पाऊण मिनिटाचा प्रकार. "हळू आहे, पण चालतं, दादा," म्हणाला. हात ग्रीसने माखले होते. चेतनाच्या साडीच्या पदरालाही ग्रीस होतं, ती यंत्राच्या आसपास कशाला जाते कळत नाही.

शेडच्या मागे फोडलेल्या लाकडाचा हा मोठा ढीग. म्हणजे केटररचं काम सुटलेलं नाही. मी म्हटलं, माणसं लावलीस वाटतं कुऱ्हाडीवर? तो "हो, माणसं आहेत," म्हणाला आणि त्याने चेतनाकडे बघितलं. बिचाऱ्याचा सगळा नफा मजुरीत जात असणार. कंबरेवरून मी त्याला बोललो, तू स्वतः कुऱ्हाड चालवू नकोस, ती सवयीच्या माणसांची कामं. चेतना एकदम उठून चहा करायला गेली.

आज सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. पण तो त्या ओंडक्यापाशी उभा राहून "चालतं, दादा" म्हणाला, आणि मला वाटलं, चालतंय ना, मग कशाला.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी फोन केला, आज येतो म्हटलं. चेतना म्हणाली, "आज नको ना दादा, प्लीज. ह्यांची कंबर फार धरलीय, उचलाउचल नको म्हणालेत डॉक्टर. पुढच्या रविवारी या." मी म्हटलं, मी काय उचलायला लावणार आहे त्याला? मी नुसता भेटायला येतोय. ती म्हणाली, "तरी नको."

धंदा बुडत असला की माणसं पाहुणे टाळतात. मी एका ओळखीच्या फर्ममध्ये केतनसाठी विचारून ठेवलंय. नवी परदेशी कंपनी आहे, गुडगावला. संध्याकाळी त्याला फोनवर सांगितलं. तो हसला, म्हणाला, "बघू रे दादा, इतक्यात नको." मानी आहे. चूक कुणाची, सोसतोय कोण.

अलकनंदाला हे म्हणालो. पहिल्यांदाच मोठ्याने म्हणालो, की चूक सिलिंडरची होती. ती गव्हातले खडे निवडत होती, निवडतच राहिली. "मला कशाला सांगताय?" म्हणाली. "मला टाकीच्या वेळीच माहीत होतं."

५ जानेवारी १९९७, रविवार

गुप्ते फरीदाबाद सोडताहेत. घर विकायला काढलंय, महिनाअखेर नागपूरला मुलीकडे जाणार, कायमचे. दिलीपनेच फोन करून सांगितलं. एकोणीस तारखेला मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम, त्यातच त्यांना निरोप द्यायचा आहे. "द्यायला तर हवा, यार. काही झालं तरी जुना माणूस," म्हणाला.

काही झालं तरी. ते 'काही' मी केलंय. तीस वर्षं फरीदाबादच्या प्रत्येक ट्रॅक्टरमागे ज्याचं नाव विश्वासाने घेतलं जायचं, तो माणूस भंगार विकणारा म्हणून गावातून जाणार. मुलीला बाळ झालंय म्हणून चाललेत, असं म्हणतात. असेलही. पण मंडळात ते दसऱ्यापासून पाऊल टाकत नाहीत, हे बाळ व्हायच्या आधीपासूनचं आहे.

एकोणीस तारखेच्या आत सांगायचं. आधी केतनला, मग सगळ्यांसमोर. हे मी शाईने लिहितोय.

१२ जानेवारी, रविवार

फोन न करता गेलो. फोन केला असता तर वाटेत विचार बदलायला कारण मिळालं असतं.

प्लॉटच्या फाटकापाशीच आवाज आला. कडाड, आणि मोजून तीस आकडे होतात न होतात तो पुन्हा कडाड. मला वाटलं, दुसरं कुणाचं यंत्र आणलंय. आत गेलो तर केतनचंच. तो हँडलवर, दोन मजूर ओंडके ठेवताहेत, चेतना बाजूला ट्रॉली मोजतेय. ओंडके भराभरा फुटून पडत होते. बघत राहावं असं काम होतं.

चेतनाने मला आधी पाहिलं. तिने काय केलं, तर जमिनीवरचं गोणपाट उचललं आणि धावत जाऊन सिलिंडरवर टाकलं. कुणी आंघोळ करत असताना परका आत यावा, तसं. मग केतनने वळून पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

"फोन नाही केलास, दादा?"

"नाही."

मी जाऊन गोणपाट उचललं. खाली चार इंची सिलिंडर होता. जुना, तेलकट, रंग उडालेला, रोज काम करणारा. माझा लाल राक्षस भिंतीपाशी विटांवर प्लॅस्टिक पांघरून झोपला होता.

"कधीपासून?"

"दसऱ्यानंतर लगेच." केतन जमिनीकडे बघत होता, चोरी त्यानेच केल्यासारखा. "गुप्तेकाका घेऊन आले. त्यांच्याकडे पडून होता. म्हणाले, पंपाचं राहू दे, हा लावून बघ."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तेच म्हणाले सांगू नको. मोठा भाऊ आहे, त्याचा मान राहू दे, म्हणाले."

मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "मी येतो तेव्हा तो मोठा असतो लावलेला?"

उत्तर चेतनाने दिलं. तिचा आवाज चढला होता आणि चार महिन्यांत पहिल्यांदा ती मला न घाबरता बोलत होती. "तुमचा फोन आला की हा उतरवायचा आणि तो चढवायचा, दादा. तुम्ही गेलात की तो उतरवायचा आणि हा चढवायचा. त्यात अख्खा रविवार जातो. चार माणसं लागतात त्याला. हे, हे दोघं, आणि चौथी मी."

केतनची कंबर. चेतनाच्या पदराचं ग्रीस. मी त्याला कुऱ्हाड चालवू नकोस म्हणून उपदेश केला होता, तेव्हा ती उठून आत का गेली ते मला आज कळलं. मला तिथल्या तिथे कुठेतरी जाऊन बसावंसं वाटलं, आणि बसायला फक्त तो लाल सिलिंडर होता.

"चुकलो," मी म्हटलं. "पंप ठीक होता. मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मलाही," केतन म्हणाला. "सिलिंडरचं मला काही नाही रे. तुझा शब्द म्हणून मी सहा काय, आठ इंची लावला असता. पण तू काकांना सगळ्यांसमोर भंगार म्हणालास. मी दोनदा बोलायला गेलो मंडळात. दोन्ही वेळा वाटलं, बोललो तर तुझं नाव निघेल. मग बाहेर जाऊन उभा राहिलो. तू एकदा 'केतन, चुकलं' असं म्हणाला असतास ना..."

"एकोणीस तारखेला मी सांगतो. सगळ्यांसमोर."

त्याने पहिल्यांदा वर बघितलं. "नक्की?"

"बिल्कुल," मी म्हटलं. त्याचा चेहरा उजळला. चाळिशीला आला तरी अजून माझ्या शब्दाने त्याचा चेहरा उजळतो, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त शरम वाटते.

१९ जानेवारी, रविवार

कार्यक्रम झाला. जसा झाला तसा लिहितो.

हॉल भरला होता. बायकांचं हळदीकुंकू, मग तिळगूळ, मग निरोप. गुप्ते पहिल्या रांगेत कडेला बसले होते, स्वेटर आणि मफलर, थोडे वाळलेले. त्यांच्या आजूबाजूच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. दिलीपने शाल-श्रीफळ दिलं, जेमतेम चार वाक्यं बोलला. मग मी हात वर केला आणि माइकपाशी गेलो.

मी म्हटलं, "दसऱ्याला केतनचं यंत्र हळू चाललं, ते पंपामुळे नाही. पंप उत्तम होता. सिलिंडर मी चुकीचा निवडला होता. मला ते माहीत होतं, आणि तरी मी गुप्तेसाहेबांवर ढकललं. मी त्यांची माफी मागतो."

पाठ केलेलं एवढंच होतं, आणि ते मी पूर्ण बोललो. केतन मागच्या भिंतीशी उभा होता, त्याने डोळे पुसले. मला हलकं वाटलं. तेवढा एक क्षण मला खरंच हलकं वाटलं.

मग गुप्ते उठले. माइकपाशी आले नाहीत, जागेवरूनच बोलले, आणि हसत बोलले. "गुणवंतराव मोठ्या मनाचे आहेत. मी चाललोय, तर जाताना माझ्या डोक्यावरचं खापर स्वतःच्या डोक्यावर घेताहेत. पण खोटं कशाला? पंप मी जुनाच टाकला होता. नंतर बदलून दिला, म्हणून आता यंत्र धावतंय. केतनला विचारा, धावतंय ना?"

यंत्र धावतंय, हे सगळ्यांनाच माहीत होतं. कुणी केतनला विचारलं नाही. दिलीपने माइक माझ्या हातातून घेतला आणि म्हणाला, "ह्याला म्हणतात माणुसकी! दुसऱ्याची चूक अंगावर घ्यायला काळीज लागतं." टाळ्या सुरू झाल्या. माझ्यासाठी.

गुप्ते वाटीतून तिळगूळ घेऊन माझ्यापर्यंत आले. माझ्या हातावर ठेवताना फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "घ्या, आणि बसा आता. मी चाललोच आहे. तुम्हाला इथे राहायचंय."

मी बसलो.

बसल्यावर पाहिलं तर केतन अजून भिंतीशी उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. चेतनाही बघत होती. अलकनंदा दोन खुर्च्या सोडून होती, ती बघत नव्हती, तिने मान खाली घातली होती. पुन्हा उठून 'नाही, हे खोटं आहे' एवढंच म्हणायचं होतं. मी ठरवलं, टाळ्या थांबल्या की उठायचं. टाळ्या बराच वेळ चालल्या. मग थांबल्या, आणि दिलीपने विचारलं, "आणखी कुणाला काही बोलायचंय?"

मी तिळगूळ तोंडात टाकला.